अकरा डोकी

९ जानेवारी

तीर्थरूप वन्सं,

तिथे विहारात तुम्हाला सगळे 'आर्या' म्हणतात हे मला माहीत आहे. पण आर्या म्हटलं की मला शाळेतलं वृत्त आठवतं आणि मी मात्रा मोजायला लागते. तेव्हा डोक्यावर केस असोत नसोत, माझ्यासाठी तुम्ही वन्संच. चीवर घातलं म्हणून नणंदपण सुटत नाही.

फोन करून कार्यालयातल्या ताईंना निरोप दिला असता, पण आमचा फोन दिवाणखान्यात आणि तुमचे बंधुराजही दिवाणखान्यातच. पेपर वाचतोय असं दाखवतात आणि कान इकडे. म्हणून हे पत्र.

नोव्हेंबरात आमच्या तरण तलावात एक प्रकार घडला. माझ्या चारच्या बॅचमधली सात वर्षांची मुलगी, आम्ही तिला भिंगरी म्हणतो, उथळ बाजूच्या कडेवरून पाय घसरून पाण्याखाली गेली. लक्षात येताच मी तिला बाहेर काढलं, छाती दाबली, तोंडानं श्वास दिला. ती पाणी ओकली, रडली. तीन दिवस दवाखान्यात राहून सुखरूप घरी गेली. चौकशी झाली. सदर घटनेत कोणाचीही हयगय निष्पन्न झाली नाही.

संपलं खरं तर. पण तेव्हापासून मी पाण्यात उतरू शकत नाही. सत्तावीस वर्षं मी लोकांच्या पोरांना पोहायला शिकवतेय. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तुम्ही माझं नाव 'मासोळी' ठेवलंत, आठवतं? तीच मासोळी आता काठावर उभी राहून हातात लांब काठी घेऊन शिट्टी वाजवते. व्यवस्थापकांना सांगितलंय गुडघे दुखतात. तुमच्या भावालाही तेच सांगितलंय. बिचारे रोज तेल गरम करून देतात आणि मी निमूट चोळून घेते. आंघोळीला तांब्या खांद्यापर्यंतच. डोक्यावरून पाणी घेतलं की छातीत कोणीतरी मूठ आवळतं.

तुमच्याकडे भीतीवर काही औषध असेल तर पाठवा. दोरा चालेल, मंत्र चालेल. फक्त 'सगळं अनित्य आहे' एवढंच लिहून पाठवू नका. ते मला कळतं आणि त्यानं गुडघेसुद्धा बरे होत नाहीत.

तुमची,
मासोळी

१८ जानेवारी

प्रिय मासोळी,

दोरा नाही. मंत्रही नाही. इथे औषधांच्या कपाटात खोकल्याचं औषध आणि आयोडीन आहे, बाकी सगळं आपलं आपण.

मी नवीन होते तेव्हाची गोष्ट सांगते. मला टेकडीच्या मागची एकटी कुटी दिली होती. पहिल्याच संध्याकाळी भिंतीशी खसखस सुरू झाली. मी ध्यानाला बसले होते, पण मनात साप, चोर, अस्वल सगळी वरात येऊन गेली. पळत खाली जावं असं वाटलं. आमच्या थोरल्या आर्यांनी सांगून ठेवलं होतं की भगवान बुद्धसुद्धा रानात एकटे असताना भ्यायले होते. म्हणून त्यांनी स्वतःशी ठरवलं, चालताना भीती आली तर चालतच राहायचं, उभं असताना आली तर उभंच राहायचं. ती ओसरेपर्यंत ना स्थिती बदलायची ना पळायचं. मग मीही बसून राहिले. पाय थरथरतायत, घसा कोरडा पडलाय, एवढंच बघत राहिले. तासाभरानं उजेड घेऊन बाहेर गेले तर एक म्हातारी शेळी भिंतीला अंग घासत होती.

तू असंच कर. तलावाच्या पहिल्या पायरीवर उभी राहा. भीतीला हाकलू नको, तिच्याशी भांडू नको. ती अंगात कुठे आहे तेवढं बघ. पोटात आहे का? गळ्यात आहे? ओसरली की दुसरी पायरी. भीती म्हणजे न सांगता आलेला पाहुणा. त्याला बसायला दिलं की तो आपणच निघून जातो.

भावाला सांग, तेल पुरे. मोहरीचं तेल वाया जातंय.

वन्सं

३ फेब्रुवारी

वन्सं,

तुमचं औषध उलटलं.

तुम्ही सांगितलं तसंच केलं. सकाळी सहाला, बायकांची बॅच सुरू व्हायच्या आधी. पहिली पायरी, दुसरी, तिसरी. पोटात थंड गोळा. बरं, आहे तर आहे, बघतेय. चौथ्या पायरीवर पाणी कमरेला आलं. मी उभी राहिले. ओसरेल म्हणून वाट बघत राहिले. ओसरलं नाही, वाढलं. मग मी खाली पाण्यात बघितलं आणि पुढचं मला आठवत नाही. जीवरक्षकानं मला काखेत हात घालून बाहेर काढलं. मी काठावर ओकले. तोवर बायका येऊन उभ्या होत्या. त्यातल्या दोघींना मी पोहायला शिकवलंय.

तुमचा पाहुणा गेला नाही वन्सं. त्यानं सामान आणलंय.

रागावून लिहितेय असं समजा, कारण रागावलेय. तुमची शेळी होती. माझ्या भिंतीपलीकडे शेळी नाही. मला पाण्याची भीती वाटतच नाही मुळी. खाली बघितलं की काय दिसेल, त्याची वाटते.

एक मात्र बरं केलंत. माझ्या चष्म्याचा नंबर वाढल्याचं तुमच्या भावानं कळवलेलं दिसतंय. हल्ली तुम्ही इतकं टपोरं लिहिता की चष्म्यावाचून वाचता येतं. ओळी थोड्या वर चढतात, पण तेवढं चालायचंच.

मासोळी

१४ फेब्रुवारी

मासोळी,

चूक माझी. आजार न विचारता औषध दिलं, आणि तेही ऐटीत.

तुझं पहिलं पत्र आज पुन्हा काढलं. तुला माहीत आहे, इथे येण्याआधी मी तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. वाक्य दुसऱ्याच्या हातचं असलं की मला कळतं. 'सदर घटनेत कोणाचीही हयगय निष्पन्न झाली नाही.' माझी भावजय असं कधी बोलते? बाकी सगळं पत्र तुझं आहे, आणि नेमका तो परिच्छेद कचेरीतला आहे. 'लक्षात येताच' असं लिहिलंयस. केव्हा लक्षात आलं, ते लिहिलं नाहीस.

मी वन्सं म्हणून विचारत नाही. सांगायलाच हवं असंही नाही. पण भीती कशी घालवायची हे विचारण्याआधी ती कशावर जगतेय हे बघावं लागतं. उपाशी भीती फार दिवस टिकत नाही. तुझीला कोणीतरी रोज वाढतंय.

वन्सं

२२ मार्च

वन्सं,

तुमचं पत्र पाच आठवडे पिठाच्या डब्याखाली होतं. तीनदा उत्तर लिहिलं, तीनदा फाडलं. आज फाडायच्या आत पाकिटात घालणार आहे.

त्या दिवशी बॅचमध्ये बारा मुलं होती. दर पाच मिनिटांनी डोकी मोजायची हा आमचा नियम आहे, तो मीच घालून दिलाय. सगळी फळ्या धरून पाय मारत होती, गलका, पाण्याचे फवारे. मी मोजलं. अकरा.

मोजताना चूक झाली नव्हती. इतक्या वर्षांत माझी मोजणी कधी चुकलेली नाही. पोटात काहीतरी थंडगार खाली गेलं, आणि त्याच क्षणी मी मोठ्यानं म्हणाले, "बारा. चला, पुढची फेरी!" मी म्हणाले वन्सं. माझ्या तोंडानं. अकरा दिसत असताना.

पोरं निघाली. मी त्यांच्याकडे बघत काठावरून चालत राहिले आणि मनात म्हणत राहिले, एखादी फळीमागे असेल, एखादी नळाशी गेली असेल. मग पुन्हा मोजलं. अकरा. तेव्हा खाली बघितलं. निळ्या फरशीवर लाल टोपी.

पहिल्या आणि दुसऱ्या मोजणीत पंचवीस सेकंद गेले. मी नंतर काठावरून त्याच चालीनं चालून बघितलंय, पुन्हा पुन्हा. समितीला मी 'लगेच' असं सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं आणि वर मला शाबासकी दिली. भिंगरीच्या आईनं दवाखान्यात माझे हात हातात घेतले. "तुम्ही होतात म्हणून," असं म्हणाली. त्या दिवसापासून हे हात पुसले तरी कोरडे वाटत नाहीत.

पोरगी बरी आहे, ठणठणीत. मग त्या पंचवीस सेकंदांचं काय करायचं? कोणाचं काही बिघडलं नाही म्हणून ते नव्हतेच असं होतं का?

मासोळी

२ एप्रिल

मासोळी,

तुझं पत्र वाचायला मला दोन दिवस लागले. मन घट्ट करायला नव्हे. दिसत नाही म्हणून.

टपोरं अक्षर तुझ्या चष्म्यासाठी नव्हतं गं. गेल्या वर्षापासून माझ्या उजव्या डोळ्यासमोर कडेनं काळोख येतोय. आधी दाराच्या फटीएवढा होता. आता दारच लागलंय. डावाही कडेनं अंधुक झालाय. आमच्या आईचं असंच झालं होतं, तुझ्या लग्नाआधी. शेवटची चार वर्षं ती हातानं माणसं ओळखायची.

मी कोणाला सांगितलं नाही. खाली गावात डॉक्टर आहे, अर्ध्या तासाची वाट आहे. मी स्वतःला म्हणत आले की देह आहे, झिजणारच, मी उपेक्षेनं बघतेय. उपेक्षा म्हणजे समोरचं सगळं दिसत असताना न डगमगणं. मी तर डोळे मिटून घेतले होते आणि त्याला ते मोठं नाव दिलं होतं. भीतीनं चीवर पांघरलं की ती थेट शांतीसारखी दिसते. माझ्यासमोर बसून ध्यान शिकणाऱ्या मुलींनाही फरक कळला नाही. दर पंधरवड्याला आम्ही समोरासमोर बसून आपापल्या चुका सांगतो. दोन डझन वेळा मी बसले आणि 'काही नाही' म्हणून उठले. अकरा दिसत होते, मी बारा म्हणत होते. तुझे पंचवीस सेकंद होते, माझं वर्ष गेलं.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. मी पहिल्या पत्रात चूक केली, कारण मला वाटलं भीती एकच असते. तुझ्या पोटात जे थंडगार खाली गेलं ना, ती पहिली भीती. ती खोटं बोलली नाही. ती म्हणाली, अकरा आहेत, बघ. ती त्या पोरीच्या बाजूची होती. तिच्या मागोमाग दुसरी आली. ती म्हणाली, नको बघूस, बघितलंस तर तुझं काय होईल? 'बारा' ती बोलली. आमच्याकडे पहिलीला राखणदार मानतात. वाईट काही हातून होऊ नये म्हणून दारात उभी असते. तिला घालवायचं नसतं. आपण सगळे उलटं करतो. राखणदाराला हाकलतो आणि चोराला कुटुंबात घेतो.

गेले चार महिने तू कोणाला वाढतेयस ते आता तुला दिसतंय. पुढे काय करायचं ते मी सांगणार नाही. माझ्या सांगण्यावरून तू एकदा चौथ्या पायरीपर्यंत गेली आहेस.

वन्सं

६ एप्रिल

वन्सं,

परवा सकाळच्या गाडीनं येतेय. शहरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. तुम्ही 'नको' म्हणायला पत्र टाकाल तोवर मी दारात असेन, तेव्हा तिकिटाचे पैसे वाचवा.

काल तुमच्या भावाला सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्यांनी पेपर खरंच खाली ठेवला. मग म्हणाले, "म्हणजे गुडघे बरे आहेत तर." आणि उठून चहा टाकायला गेले. स्वयंपाकघरात त्यांचं नाक ओढणं मला ऐकू येत होतं.

मासोळी

३० एप्रिल

प्रिय मासोळी,

हे पत्र मी सांगतेय आणि धाकटी आर्या लिहितेय. ती फार शुद्ध लिहिते, त्यामुळे मला तिच्या चुका काढता येत नाहीत. हा माझा आजारपणातला मोठा तोटा.

थेंब वेळेवर घालतेय. ऑपरेशनची पट्टी सोमवारी निघाली. डावा डोळा राहील असं डॉक्टर म्हणाले. उजव्याचं काही होणार नाही. "वर्षापूर्वी आला असतात तर," ते म्हणाले आणि मग वाक्य पुरं केलं नाही. भला माणूस. ते वाक्य मीच रोज पुरं करते.

तू बाहेर बाकावर होतीस म्हणून तुला ठाऊक नाही. त्या यंत्रावर हनुवटी टेकवायला सांगितली तेव्हा ती टेकेना. एवढी थरथरत होती. नऊ वर्षं मी दुसऱ्यांना सांगत आले, बघा, नुसतं बघा. परिचारिका म्हणाली, "आजी, भीती वाटतेय का?" मी म्हणाले, "हो." एवढंच. नऊ वर्षांतलं माझं सगळ्यात सरळ उत्तर. मग तिनं माझ्या डोक्याला मागून हात लावून धरलं आणि हनुवटी टेकली. थरथरत होतीच, पण टेकली. आल्यावर पहिल्याच पंधरवड्याला सगळ्यांसमोर सांगितलं. कोणी रागावलं नाही. थोरल्या आर्या म्हणाल्या, "आता जिना उतरताना कोणाचा तरी हात धरा." मला वाटलं होतं आभाळ कोसळेल, आणि निघाला एक जिना.

तुझं मात्र तसं नाही, हे मी जाणून आहे. तुझ्यासमोर एक आई आहे. येताजाताच्या प्रवासात तू त्या घराबद्दल अवाक्षर काढलं नाहीस आणि मीही विचारलं नाही. आता विचारते. गेलीस का?

वन्सं

१ जून

तीर्थरूप वन्सं,

गेले. तुमचं पत्र आलं त्याच आठवड्यात.

भिंगरीची आई घरी कपडे शिवते. तिसऱ्या मजल्यावर एकच मोठी खोली, खिडकीशी शिलाईचं मशीन. मला बघून तिला आनंद झाला, तोच सगळ्यात वाईट भाग. "बाई, या ना!" म्हणत तिनं खुर्चीवरचे कपडे उचलले. भिंगरी शाळेत होती. मी बसले नाही. बसले असते तर चहा आला असता आणि चहा आला असता तर मी न सांगताच उठून आले असते. उभ्यानंच सांगितलं. अकरा मोजले, बारा म्हणाले, पंचवीस सेकंद.

तिनं मशीनवरचा पाय काढला.

"पंचवीस?"

"हो."

ती भिंतीवरच्या घड्याळाकडे वळली. "थांबा तिथंच," म्हणाली. काटा बारावर आला तेव्हापासून ती बघत राहिली आणि मीही बघत राहिले. वन्सं, पंचवीस सेकंद खूप मोठे असतात. खाली कोणीतरी गाडी सुरू केली, वळवली आणि गेलीसुद्धा. अजून दहा बाकी होते. भीती कुठे आहे हे बघायची गरजच पडली नाही. ती सगळीकडे होती आणि मी तिच्यात उभी होते. पण पळावंसं वाटलं नाही. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

काटा पाचवर आला. "मी तुमचे हात हातात घेतले होते," ती म्हणाली. आणि मग, "जा आता."

दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकांना लेखी दिलं. समितीनं पुन्हा बोलावलं. मुलांच्या बॅचा माझ्याकडून काढून घेतल्या, ते बरोबरच केलं. आता मी दारातल्या खिडकीत बसून कपाटांच्या किल्ल्या देते-घेते. मोजणीला आता दोघंजणं असतात, आणि दोघांचा आकडा जुळल्याशिवाय पुढची फेरी नाही. तेवढं माझ्या अर्जातलं त्यांनी घेतलं. काही जणी बोलत नाहीत. जीवरक्षक बोलतो. काठावर ओकलेल्या बाईशी नातं जुळतंच म्हणतो.

हे तीन आठवडे चाललं. मग गेल्या मंगळवारी किल्ल्यांच्या खिडकीत एक हात आला. वर बघते तर भिंगरीची आई. मागे भिंगरी, आईच्या ओढणीत तोंड खुपसून.

"ही डोक्यावरून पाणी घेत नाही," ती म्हणाली. "सहा महिने झाले. केस धुवायचे म्हणजे घरात रणकंदन. शेजारी विचारतात मारता का पोरीला. तुम्ही बिघडवलंय, तुम्हीच दुरुस्त करा."

मी काही बोलायच्या आत तिनं बोट उगारलं. "मी माफबिफ केलेलं नाही हं. दुसरी कोणी नको म्हणतेय ही, म्हणून आलेय."

व्यवस्थापकांनी सकाळची सहाची वेळ दिली. जीवरक्षक काठावर आणि आई बाकावर, अशी अट. पहिले दोन दिवस मी आणि भिंगरी नुसत्या पायरीवर बसलो, पाय पाण्यात सोडून. तिसऱ्या दिवशी तिनं माझ्याकडे निरखून बघितलं.

"बाई, तुमचा पाय हलतोय."

"हो, मला भीती वाटतेय."

"तुम्हाला? तुम्हाला तर पोहता येतं!"

"येतं. तरी वाटते."

तिनं बराच विचार केला. "माझी इथे आहे," म्हणाली आणि गळ्यावर हात ठेवला. "तुमची?"

"पोटात. थंड असते."

"माझी गरम असते." मग हळूच, "ती काय म्हणते?"

तुम्ही असतात तर काय सांगितलं असतंत कोण जाणे. मी खरं ते सांगितलं. "ती म्हणते, नीट लक्ष ठेव. आणि ते तिचं बरोबर आहे. म्हणून मी तुझा हात धरणार आहे, आणि तू सोड म्हणेपर्यंत सोडणार नाही."

आम्ही एक पायरी उतरलो. मग दुसरी. चौथीवर मी थांबले. मी तिला म्हटलं, "थांब जरा, मला वेळ लागतोय." ती थांबली. सात वर्षांची पोर माझा हात धरून, जीभ बाहेर काढून, माझं होईपर्यंत थांबली.

मग ती म्हणाली, "खाली काय आहे?"

"मला नाही माहीत. सहा महिने पाण्याखाली गेलेच नाही."

"बघूया?"

गॉगल चढवले, श्वास घेतला आणि आम्ही दोघी खाली गेलो. डोळे उघडे ठेवून. निळ्या फरश्या होत्या. एक फरशी कोपऱ्यात फुटलीय, दुरुस्त करायला सांगायला हवी. वर उजेड हलत होता. भिंगरीचे गाल फुगलेले, तोंडातून बुडबुडे निघतायत, आणि ती माझ्याकडे बघून काहीतरी बोलतेय. पाण्याखाली! वर आल्यावर विचारलं काय म्हणत होतीस, तर म्हणे, "काहीच नाहीये खाली, असं म्हणत होते."

भीती गेलेली नाही वन्सं. आजही कपडे बदलायच्या खोलीच्या दारात ती उभी होती. पण मी तिच्या बाजूनं आत गेले. तिनं अंग चोरून वाट दिली.

त्या दिवशी भिंगरीची आई टॉवेल घेऊन काठाशी आली. लेकीचं डोकं तिनं खसाखसा पुसलं, कान पुसले, पाठ पुसली, पुसायचं काही उरलं नाही तरी पुसत राहिली. माझ्याकडे बघितलं नाही. जायला निघाली, दारापाशी थांबली, आणि तशीच पाठमोरी म्हणाली, "उद्या सहालाच ना?"

"सहाला," मी म्हटलं.

तुमची,
मासोळी